फोटोत नऊ

अंबडला आमचा गाळा. पाटीवर 'इंडस्ट्रीज',
आत चार टेबलं आणि एक पंखा, तोही सरांच्या बाजूला वळलेला.
पॅनेल बनवतो आम्ही. पंपांची, पीठगिरण्यांची,
एकदा एका थंडगार द्राक्षाच्या गोदामाचं.
माझं काम वायरींना नंबर घालायचं.
एका टोकाला सतरा, तर दुसऱ्या टोकालाही सतराच,
मधे वायर कितीही वळणं घेऊ दे.
सहा वर्षांत चुकले नाही.
(एकदा चुकले. धुळ्याची मोटर उलटी फिरली.
ते अजून काढतात.)

खैरनार सर वाईट नाहीत.
माझ्या लग्नात मिक्सर दिला होता, तीन भांड्यांचा.
सातवा लागला तसं त्यांनीच स्टूल काढून मला खुर्ची दिली
आणि म्हणाले, "बाई, रजेचा कायदा मोठ्या कंपन्यांना.
दहा माणसं लागतात. आपण मोजून नऊ.
तू जा, बाळ सांभाळ. मग ये,
जागा असली तर बघू."

जागा असली तर.

हसीनाही अशीच गेली होती.
तिचा क्रिम्पर माझ्या खणात आहे,
मुठीला तिनं गुंडाळलेली हिरवी टेप
आता माझ्या हाताच्या मापाची झालीय.
ती गेली त्या दिवशी मी तिचा पेढा खाल्ला
आणि दुपारी तिची जागा घेतली, खिडकीजवळची.
कुणी मोजलं नाही तेव्हा.
मीही नाही.

कामगार कार्यालयातल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"वर्षात ऐंशी दिवस भरलेत?"
ऐंशी! माझे दोनशे ऐंशी भरलेत, वर ओव्हरटाइम.
"मग सव्वीस आठवडे, पगारी. मेहेरबानी नाही ती.
रजेवर असताना काढताही येत नाही."
मी म्हटलं, पण आम्ही नऊच.
त्या म्हणाल्या, "आजचे नका सांगू हो.
मागच्या बारा महिन्यांत
एखाद्या तरी दिवशी दहा होते का?
मस्टरवर नाव नसलं तरी
राबणारा माणूस माणूसच असतो."

सिटीलिंकमध्ये, पाथर्डी फाट्यापर्यंत, बोटांवर मोजत आले.
नामदेव, मंजिरी, दोघे आव्हाड,
टेस्टिंगचा प्रसन्ना, हिशेबाचे गोडबोले काका,
स्टोअरचा भालेराव, वाकून झाडणाऱ्या सिंधूताई.
आणि मी. नऊ.
मग तो पोरगा आठवला,
ऑर्डर अडकली तेव्हा दोन महिने व्हाउचरवर राबलेला,
ज्याला सगळे फक्त 'ए' म्हणायचे.
पोटातून लाथ बसली.
तुला नाही धरायचं रे यात, म्हटलं,
तुझं मस्टर वेगळं.

मग रात्रभर शोधला मोबाइल,
दोन हजार मेसेज, शुभ सकाळ, शुभ सकाळ,
आणि सापडला: दसऱ्याचा.
ड्रिल मशीनला झेंडूची माळ, हायड्रॉलिक प्रेसवर कुंकू,
मधे सर, नव्या शर्टात, हातात नारळ.
कोपऱ्यात तो 'ए', डोळे मिटलेला.
खाली सरांचंच बोट: "माझी फॅमिली", तीन हात जोडलेले.

आज अर्ज दिला, दोन प्रतींत.
एका प्रतीवर पोच हवी म्हटल्यावर
पेन उघडून ते बसूनच राहिले.
मी मोबाइल पुढे सरकवला.
त्यांनी तो जवळ घेतला, लांब नेला,
आणि बोटानं मोजलं,
एकेका कपाळावर काचेचा डाग पाडत.
"मला सोडून," त्यांनी हळूच म्हटलं,
"बघ ना. नऊच."
आवाजात जिंकल्याचं नव्हतं काही,
सुटका झाल्याचं होतं थोडं.

पलीकडे नामदेवनं ड्रिल बंद केलं होतं.

"हो सर," मी म्हटलं, "फोटोत नऊच आहेत.
पण काढला कुणी होता?"